पोल्का डॉट: मादागास्करचं ठिपकेदार झुडूप कुंडीत दाट कसं ठेवायचं

नर्सरीतून गुलाबी ठिपक्यांचं गोजिरं रोप आणलं, खिडकीत ठेवलं, आणि दोन-तीन महिन्यांत त्याचं हातभर उंच, खालून उघडं, वर चार हिरवट पानं धरलेलं लांबडं झालं. पोल्का डॉटबद्दलची तक्रार बहुतेक घरांतून अशीच ऐकू येते. 'आमच्याकडे जगत नाही' असं लोक म्हणतात, पण ते जगलेलं असतं, चांगलं जोमात वाढलेलंही असतं. उंच व्हायचं, फुलायचं, बी टाकायचं आणि संपायचं, हा त्याचा स्वभावच आहे. आपल्याला मात्र ते वर्षभर वीतभर उंचीचं, दाट आणि रंगीत हवं असतं. म्हणून या झाडाला पाणी-खतापेक्षा कात्री जास्त लागते, आणि एकच रोप वर्षानुवर्षं टिकवण्याचा हट्ट सोडून दर काही महिन्यांनी त्याच्याच फांदीपासून नवं रोप करत राहावं लागतं. एवढं मनाशी धरलं की बाकीचं सोपं आहे.

हे झाड आहे कुठलं

शास्त्रीय नाव हायपोएस्टिस फायलोस्टॅकिया. नर्सरीत मात्र 'पोल्का डॉट' म्हटलं की लगेच कळतं. मूळ गाव मादागास्कर, म्हणजे आफ्रिकेच्या पूर्वेला हिंदी महासागरातलं ते मोठं बेट. लंडनच्या क्यू उद्यानातले वनस्पतिशास्त्रज्ञ जॉन गिल्बर्ट बेकर यांनी १८८७ साली या जातीची शास्त्रीय नोंद केली. मादागास्करची झाडं आपल्याला काही नवी नाहीत. अंगणातली सदाफुली तिथलीच, मे महिन्यात रस्ते लाल करणारा गुलमोहर तिथलाच, आणि पानाच्या कडेला पिल्लं फुटणारी पानफुटीही तिथलीच.

कुळाच्या बाजूने पाहिलं तर पोल्का डॉट आपल्या आणखी ओळखीचं निघतं. अडुळसा, अबोली, कोरांटी यांच्याच कुळातलं ते आहे. ही माहिती नुसती शोभेची नाही. अबोली ज्यांनी वाढवली आहे त्यांना पोल्का डॉटचं अर्धं वागणं आधीच ठाऊक असतं. पानं समोरासमोर जोडीने येतात, प्रत्येक पानाच्या बगलेत एक कोंब झोपलेला असतो आणि शेंडा खुडला की दोन्ही बाजूंचे कोंब जागे होतात. बोंडं वाळली की तडकून बी दूर उडवतात, हेही अबोलीसारखंच. शेजारच्या कुंडीत अचानक एक ठिपक्याचं पिल्लू उगवलेलं दिसलं तर ते तिथे कसं आलं याचं उत्तर यातच आहे.

मोकळ्या जमिनीत हे झुडूप दोन-तीन फुटांपर्यंत जातं. जुन्या प्रकारात पान हिरवं आणि त्यावर बारीक गुलाबी ठिपके असत. पुढे निवड करत करत ठिपके इतके मोठे केले गेले की आता पुष्कळ प्रकारांत पानच गुलाबी, लाल किंवा पांढरं दिसतं आणि हिरवा रंग शिरांपुरता उरतो. 'स्प्लॅश' आणि 'कॉन्फेटी' या नावांनी मिळणारी बियाणी याच प्रकारची.

पानाच्या हिरव्या भागात हरितद्रव्य असतं आणि अन्न तिथे तयार होतं. गुलाबी-पांढऱ्या भागाचा या कामात फारसा वाटा नसतो. त्यामुळे पान जितकं कमी हिरवं, तितकं झाड सावकाश वाढतं आणि उन्हाने लवकर करपतं. पहिल्यांदाच लावत असाल तर हिरव्यावर गुलाबी ठिपक्यांचं घ्या. पांढऱ्याचं सौंदर्य वेगळंच, पण ते थोडं हात बसल्यावर.

रोप निवडताना

दुकानात सगळ्यात उंच रोपाकडे हात जातो. इथे बुटकं घ्यावं. दोन पेरांमधलं अंतर कमी हवं, म्हणजे पानांच्या जोड्या एकमेकींवर चढून बसल्यासारख्या दिसायला हव्यात. खोडाच्या बुडाशी बघा. एका पिशवीत बहुधा तीन-चार रोपं एकत्र लावलेली असतात, म्हणून ती झुडुपासारखी भरगच्च दिसतात. यात फसवणूक काही नाही, उलट आपणही पुढे तेच करणार आहोत.

पान उलटून बघायला विसरू नका. पांढरी माशी असेल तर कुंडी हलवल्यावर बारीक पांढरे कण उडतात. पानांच्या बगलेत कापसाचा बारीक पुंजका दिसला तर तो पिठ्या ढेकूण, ते रोप तिथेच ठेवा. शेंड्याला तुरा येऊ लागलेला असेल तरी नको, कारण त्याचं आयुष्य उताराला लागलेलं असतं.

"काका, हे घरी नेलं की लांबडं तर होणार नाही ना?" असं विचारलंत तर अनुभवी नर्सरीवाला सांगतो, "ताई, खुडत राहा, मग नाही होणार." त्याच्याकडे ते इतकं आटोपशीर का राहतं, हे मात्र तो बहुधा सांगत नाही. मोठ्या प्रमाणावर कुंडीतली रोपं तयार करणारे वाढ रोखणारी रसायनं वापरतात. शेडनेटखाली वरून चौफेर उजेडही मिळत असतो. घरी आल्यावर रसायनाचा असर ओसरतो, उजेड एकाच बाजूने येतो आणि झाड आपल्या मूळ उंचीकडे निघतं. तेव्हा 'माझ्या हाताला यश नाही' असं मानू नका.

खरेदीला जून ते ऑगस्ट हा काळ सगळ्यात चांगला. एप्रिल-मेमध्ये दुचाकीवरून आणलेलं रोप घरी पोचेपर्यंतच अर्धं कोमेजतं.

पहिला आठवडा

आणल्या आणल्या कुंडी बदलू नका. आठवडाभर ते त्याच पिशवीत, थेट ऊन न येणाऱ्या उजेडाच्या जागी, बाकीच्या झाडांपासून वेगळं ठेवा. खालची एक-दोन पानं पिवळी पडून गळतील, तेवढं चालायचं. कीड असेल तर ती याच दिवसांत उघडी पडते आणि घरभर पसरत नाही.

माती आणि कुंडी

या झाडाची मुळं बारीक आणि उथळ असतात. त्यांना ओल हवी, चिखल नको. देशावरची काळी माती एकटी कधीच वापरू नये. ती ओली झाली की चिकटते, वाळली की भेगाळते, आणि दोन्ही वेळा मुळं गुदमरतात किंवा तुटतात. कोकणातली लाल माती त्यामानाने बरी, पण तीही पाऊस बसला की दगडासारखी घट्ट होते.

साधं मिश्रण असं करा: दोन भाग भिजवून पिळलेलं कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा), एक भाग चाळलेली बागेची माती, एक भाग गांडूळखत किंवा नीट कुजलेलं शेणखत, आणि अर्धा-एक भाग जाड वाळू किंवा परलाइट (नर्सरीत मिळणारे हलके पांढरे खडे). कोकोपीटची वीट स्वस्तातली असेल तर दोनदा भरपूर पाण्यात धुऊन घ्या, कारण त्यात खार असतो आणि या झाडाच्या पानांच्या कडा खाराने आधी करपतात. मिश्रण ओलं करून मुठीत दाबा. गोळा व्हायला हवा, आणि बोटाने टोचला की फुटायला हवा. फुटत नसेल तर वाळू वाढवा.

कुंडी लहानच बरी. पिशवीतून काढलेल्या रोपाला पाच-सहा इंची कुंडी पुरते. मोठ्या कुंडीत लहान रोप लावलं तर मुळं पोचत नाहीत तिथली माती दिवसेंदिवस ओली राहते आणि सडण्याची सुरुवात तिथून होते. मातीची कुंडी की प्लास्टिकची, हे तुमच्या हवेवर ठरवा. मुंबई-कोकणच्या दमट हवेत मातीची चांगली, कारण जादा ओल ती शोषून बाहेर सोडते. नागपूर, जळगाव, सोलापूरकडच्या कोरड्या उन्हाळ्यात तीच कुंडी दुपारपर्यंत कोरडी पडते, तिथे प्लास्टिकची घ्या. बुडाला भोकं हवीतच. सजावटीच्या बिनभोकाच्या भांड्यात ठेवायचं असेल तर आतली कुंडी वेगळी ठेवा आणि खाली साठलेलं पाणी ओतून टाका.

उजेड

रंगाचा सगळा खेळ इथे आहे. उजेड कमी पडला की झाड पोटापाण्याच्या मागे लागतं. नवी पानं जास्त हिरवी येतात, ठिपके बारीक होतात, पेरं लांबतात. उजेड फार झाला की गुलाबी रंग धुतल्यासारखा फिका पडतो, पानं कडेने वळतात आणि पांढऱ्या भागावर तपकिरी डाग येतात. या दोन टोकांच्या मधली जागा शोधायची.

पूर्वेची खिडकी किंवा गॅलरी सगळ्यात उत्तम. सकाळचं कोवळं ऊन तास-दीड तास अंगावर आलं तरी चालतं, रंग उलट खुलतो. उत्तरेला भरपूर मोकळं आकाश दिसत असेल तर तिथेही जमतं. दक्षिण-पश्चिमेची गॅलरी असेल तर ५० टक्क्यांची शेडनेट लावा, किंवा मोठ्या झाडाच्या सावलीत कुंडी ठेवा. जास्वंद, मोगरा, कढीपत्ता हे ऊन खातात, त्यांच्या पायाशी हे सुखाने राहतं.

दिवाणखान्याच्या मधल्या टेबलावर ते महिनाभर छान दिसेल आणि मग हिरवं पडायला लागेल. तिथेच हवं असेल तर दोन कुंड्या करा आणि आठवड्याला अदलाबदल करा. एक आत, एक खिडकीशी. एक सोपी खूण सांगतो: दुपारी पानावर हात धरा. हाताची सावली मऊ पण ओळखू येईल इतपत पडली तर जागा योग्य. सावलीच दिसत नसेल तर अंधार, आणि कडा धारदार असतील तर ऊन फार.

खिडकीत ठेवलेल्या कुंडीला दर तीन-चार दिवसांनी पाव फेरा द्या, नाहीतर सगळं झाड काचेकडे मान वळवतं.

पाणी

तहान लागली की हे झाड लपवत नाही. दुपारी बघावं तर सगळी पानं देठापासून खाली लोंबलेली, शेंडा वाकलेला, पाहणाऱ्याला वाटावं की गेलं. पाणी घातलं की तास-दोन तासांत ते पुन्हा ताठ होतं. हा तमाशा मजेचा वाटला तरी वारंवार होऊ देऊ नये. दरवेळी खालची एखादी जोडी गळते आणि बुंधा उघडा पडत जातो.

रोज ठरावीक पेलाभर पाणी घालण्याची सवय मात्र त्याहून वाईट. मातीत बोटाचं एक पेर खुपसा. वरचा थर कोरडा आणि खाली गार लागत असेल तर पाणी घाला, आणि घालाल तेव्हा बुडातून ओघळेपर्यंत घाला. खालच्या ताटलीतलं पाणी अर्ध्या तासाने ओता.

इथे एक फसवा प्रकार आहे. मुळं सडली तरीही पानं लोंबतात, कारण सडलेलं मूळ पाणी ओढू शकत नाही. माती ओली आणि पानं लोंबलेली, असं दिसलं तर पाणी अजिबात घालू नका. कुंडी उपडी करून मुळं बघा. पांढरी, घट्ट असतील तर ठीक. तपकिरी, मऊ, वास येणारी असतील तर ते रोप वाचवत बसण्यापेक्षा वरचे निरोगी शेंडे कापून त्यांची रोपं करा. झाड गेलं तरी जात वाचते.

बोअरचं पाणी जड असेल तर मातीवर पांढरा थर दिसू लागतो आणि पानांची टोकं जळतात. पावसाचं पाणी साठवता आलं तर त्यासारखं दुसरं नाही. ते नसेल तर महिन्यातून एकदा कुंडीतून भरपूर साधं पाणी वाहू द्या, साठलेला खार धुऊन जातो.

खत

थोडक्यात आटपतो, कारण यात लोक गरजेपेक्षा जास्त करतात. जून ते ऑक्टोबर आणि फेब्रुवारी-मार्चमध्ये पंधरा-वीस दिवसांनी एकदा १९:१९:१९ हे नत्र, स्फुरद, पालाश सारख्या प्रमाणात असलेलं विद्राव्य खत, एक लिटर पाण्यात एक ग्रॅम, मातीत ओल असताना द्या. रासायनिक नको असेल तर दोन महिन्यांतून एकदा मूठभर गांडूळखत वरच्या थरात मिसळा. नत्र जास्त झालं की पानं मोठी, हिरवी आणि खोड लुळं होतं. युरियाच्या वाटेला जाऊच नका.

खुडणं: खरं काम इथे

नवं रोप पाच-सहा इंच उंच झालं, किंवा पानांच्या चार जोड्या झाल्या, की पहिली खुडणी करा. वरून दुसऱ्या जोडीच्या थोडं वर, अंगठा आणि तर्जनीच्या नखांनी खोड चिमटून तोडा. कोवळं असेल तर हलका 'कट' असा आवाज होतो आणि तुटतं. दोरे निघत असतील तर खोड जून झालंय, तिथे धारदार कात्री वापरा. छाट नेहमी पानांच्या जोडीच्या लगेच वर घ्या. मधेच कापलं तर उरलेला ठोंब वाळतो आणि पावसाळ्यात त्यात बुरशी शिरते.

सात-आठ दिवसांनी जवळून बघा. ज्या जोडीच्या वर खुडलं, तिच्या दोन्ही बगलांत मोहरीएवढे कोंब दिसतात. त्यांच्यावरचे पहिले ठिपके इतके बारीक असतात की भिंग घेऊन बघावेसे वाटतात. एका शेंड्याचे दोन झाले. हे दोन कोंब पानांच्या दोन-तीन जोड्यांचे झाले की त्यांचेही शेंडे खुडा, म्हणजे चार. पुढे आठ. तीन फेऱ्यांनंतर कुंडीतली माती दिसेनाशी होते.

या तीन फेऱ्यांत लोकांचा धीर सुटतो. रंगीत शेंडा हाच झाडाचा सगळ्यात देखणा भाग असतो आणि तोच तोडायचा म्हणजे जिवावर येतं. पण जो शेंडा आज वाचवाल तो पुढच्या महिन्यात उघड्या दांडीच्या टोकावर एकटा उभा असेल. वाढीच्या दिवसांत दर दोन-तीन आठवड्यांनी हात फिरवत राहावं. नंतर मात्र सगळे शेंडे एकाच दिवशी न खुडता उंच गेलेले तेवढे आधी खुडावेत, म्हणजे झाड बोडकं दिसत नाही.

आधीच लांबडं झालेलं झाड असेल तर? बुंध्यापासून दोन-तीन इंचांवर, खाली किमान एक-दोन जिवंत पेरं ठेवून, सरळ कापा. हे पावसाळ्यात किंवा फेब्रुवारीत करा, ऐन थंडीत नको. कापल्यावर पाणी निम्म्यावर आणा, कारण पानंच नाहीत तर पाणी पिणार कोण. दोन-तीन आठवड्यांत खालून कोंब फुटतात. फारच जून, लाकडासारखं झालेलं खोड कधीकधी फुटत नाही. म्हणून कापलेले शेंडे आधी लावून ठेवायचे आणि मगच खोडाकडून आशा धरायची.

फुलांचं काय करायचं

पावसाळा सरला, दिवस लहान होऊ लागले की शेंड्यांवरची पानं बारीक आणि अरुंद येऊ लागतात. ती तुऱ्याची चाहूल. मग नाजूक जांभळट-गुलाबी, दोन ओठांची फुलं येतात. दिसायला वाईट नसतात, पण पानांपुढे त्यांचं काही चालत नाही. फुलू दिलं तर झाड बी धरण्याच्या नादात पानांकडे दुर्लक्ष करतं, खालून झडतं, आणि बऱ्याचदा त्यानंतर उठतच नाही. तुरा दिसला की तो खालच्या एका जोडीसकट खुडावा. बी हवं असेल तर एकच फांदी ठेवा आणि बाकीच्या खुडा.

फांदीपासून नवी रोपं

खुडलेले शेंडे कचऱ्यात टाकणं म्हणजे फुकटची रोपं टाकणं. तीन-चार इंचांचा, तुरा नसलेला, निरोगी शेंडा घ्या. खालच्या एक-दोन जोड्या काढून टाका, वर दोन जोड्या राहू द्या. पानं मोठी असतील तर अर्धी कापा, म्हणजे हा छाट (लावायचा तुकडा) कोमेजत नाही.

पाण्यात लावणं सगळ्यात सोपं. काचेच्या पेल्यात दोन बोटं पाणी घ्या, उघडी केलेली पेरं पाण्यात आणि पानं पाण्याबाहेर. पान पाण्यात बुडलं तर कुजतं आणि वास मारतं. पाणी दोन दिवसांनी बदला. आठवडा-पंधरवड्यात पेरांपाशी पांढरी मुळं दिसतात. ती इंचभर झाली की लगेच मातीत लावा. पाण्यात महिनोन्महिने ठेवलेल्या छाटाची मुळं पाण्याचीच होऊन जातात आणि मातीत गेल्यावर ते रोप आठ-दहा दिवस मान टाकून बसतं.

मी स्वतः मातीत लावण्याच्या बाजूचा आहे. निम्मं कोकोपीट आणि निम्मी वाळू ओली करून लहान कुंडीत भरा, पेन्सिलीने भोक पाडा, छाट खोचा, बाजूने दाबा. वरून तळ कापलेली पाण्याची प्लास्टिकची बाटली पालथी घाला आणि बूच काढून ठेवा. हे झालं तुमचं छोटं हरितगृह. सावलीत ठेवा. तीन आठवड्यांनी पान हळूच वर ओढून बघा, छाट हाताला अडला तर मुळं धरली. मग बाटली रोज थोडा वेळ काढत, चार-पाच दिवसांत पूर्ण काढा.

लावताना सहा इंची कुंडीत एक नाही, तीन किंवा चार छाट लावा, कडेपासून थोडं आत. नर्सरीतला तो भरगच्चपणा असाच येतो. गुलाबी आणि पांढरं एकत्र लावलं तर पांढरं मागे पडतं आणि गुलाबी त्याच्यावर चढतं, त्यामुळे एकत्र लावायचंच तर गुलाबी जास्त वेळा खुडा.

जून ते सप्टेंबर हा छाटांचा हंगाम. मी म्हणेन की सप्टेंबरच्या शेवटी प्रत्येक प्रकाराचे चार-पाच छाट लावूनच ठेवा. जुनं झाड थंडीत फुलून संपलं तरी मार्चमध्ये तुमच्या हातात ताजी कुंडी असते.

बियाण्यापासून

पुष्कळ रोपं हवी असतील, सोसायटीच्या वाफ्याची कड भरायची असेल, तरच या वाटेला जा. बी बारीक असतं. ओल्या, चाळलेल्या कोकोपीटवर पसरा, वरून अगदी पातळ थर भुरभुरवा आणि झारीऐवजी फवाऱ्याने पाणी द्या. २१ ते २४ अंश तापमानात साधारण आठवडाभरात उगवण दिसते. पहिली दोन पानं साधी हिरवी असतात, बिघडलं असं समजू नका. ठिपके पुढच्या पानांपासून येतात. ट्रे फार ओला राहिला तर रोपं बुडाशी काळी पडून आडवी होतात, म्हणून हवा खेळती ठेवा. घरच्या झाडाचं बी धरलंत तर आईसारखाच रंग येईल याची खात्री नाही. तीच तर गंमत असं मानणाऱ्यांनी ते जरूर करावं.

वर्षभरात

मार्च ते मे ही कसोटी. कुंडी एकट्याने न ठेवता इतर कुंड्यांच्या घोळक्यात ठेवा, मातीवर नारळाच्या शेंड्या किंवा वाळलेला पाला पसरा, सकाळी पाणी द्या. विदर्भात कूलरच्या थेट झोतात ठेवू नका, आणि एसीच्या तोंडाशीही नको. पावसाळ्यात हवा त्याच्या मनासारखी असते, पण गच्चीवरच्या मुसळधार सरी खोडं मोडतात आणि पानांवर चिखल उडतो. वळचणीखाली सरकवा. नाशिक-पुण्याकडे डिसेंबर-जानेवारीत पारा दहाच्या आसपास उतरतो. तेव्हा रात्री कुंडी आत घ्या. पाणी कमी, खत बंद. परदेशात थंड मुलुखात राहणाऱ्यांनी ते उन्हाळ्यापुरतं बाहेर लावावं आणि थंडीआधी छाट आत आणावेत, मोठी कुंडी उचलून आणण्यात अर्थ नसतो.

कीड आणि रोग

कोरड्या उन्हाळ्यात पानांवर बारीक फिके ठिपके आणि मागे जाळं दिसलं तर ती कोळी नावाची बारीक कीड. पान ठिपक्यांचंच असल्यामुळे हे उशिरा लक्षात येतं, म्हणून मागची बाजू बघत जा. नळाच्या बारीक धारेने मागून धुणं हा पहिला आणि बरेचदा पुरेसा उपाय. पिठ्या ढेकूण स्पिरिटमध्ये बुडवलेल्या कापसाने टिपून काढा. मावा, पांढरी माशी यांना एक लिटर कोमट पाण्यात पाच मिली निमतेल आणि भांडी घासायच्या द्रवसाबणाचे काही थेंब घालून, संध्याकाळी, आधी एका पानावर करून बघून फवारा. उन्हात फवारलं तर कीड राहील बाजूला, पानंच भाजतील. थंडीत पानावर पिठासारखी भुरी आली तर ती पानं काढा, गर्दी कमी करा, पानांवर पाणी शिंपणं थांबवा.

पानांवर रोज फवारा मारावा असं पुष्कळ ठिकाणी वाचाल. कोकणात त्याची गरज नाही, देशावर त्याचा असर पाच मिनिटं टिकतो. कुंड्या जवळजवळ ठेवल्याने त्याहून जास्त फायदा होतो.

बरणीतलं झाड आणि घरातलं मांजर

काचेच्या बंद बरणीतल्या बागेत हे झाड छान रमतं, फिटोनिया आणि लहान नेचे यांच्या सोबतीला रंग भरतं. पण बरणीत ते दुप्पट वेगाने सुटतं, त्यामुळे लांब कात्री हाताशी ठेवा. कुत्र्या-मांजरांसाठी ते विषारी मानलं जात नाही. डिफेनबॅकिया किंवा अॅग्लोनेमाच्या पानांनी तोंडाची आग होते, तसं इथे नाही. मांजराने पान चावलं तर नुकसान झाडाचंच.

छाटलेलं कुठे टाकाल

जे झाड इतक्या सहज मुळं धरतं आणि बी उडवतं, ते कुंपणाबाहेरही जाऊ शकतं. ऑस्ट्रेलियात क्वीन्सलँड आणि न्यू साउथ वेल्सच्या दमट भागांत ते बागांतून सुटून ओढ्याकाठी आणि झाडीत पसरलं आहे आणि तिथे त्याची गणना तणात होते. कोकण आणि सह्याद्रीची पावसाळी हवाही त्याला मानवणारीच आहे. त्यामुळे घर ओढ्याजवळ, देवराईजवळ किंवा डोंगरउतारावर असेल तर ते जमिनीत न लावता कुंडीतच ठेवा, तुरे वेळेवर खुडा, आणि छाटलेल्या फांद्या गडग्यापलीकडे भिरकावू नका. कंपोस्टच्या डब्यात घालायच्या तरी आधी दोन-तीन दिवस कडक उन्हात वाळवून घ्या. ओल्या टाकल्या तर त्या डब्यातच मुळं धरतात.